मोठ्या मैदानातून लहान मैदानात : तुरिनच्या युव्हेंटस क्लबचे स्थलांतर

युव्हेंटस हा इटलीत सर्वाधिक वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा फुटबॉल क्लब. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी वसलेले तुरिन हे त्याचे शहर. १९९० ते २००६ या काळात हा क्लब सुमारे ६९ हजार प्रेक्षक मावतील अशा ‘डेले आल्पी’ स्टेडियममध्ये खेळला. पुढे क्लबने ते पाडले, त्याच जागेवर सुमारे ४१ हजार आसनांचे नवे स्टेडियम बांधले आणि ८ सप्टेंबर २०११ रोजी तेथे बस्तान हलवले. विश्वचषकाचा उपान्त्य सामना जिथे झाला ती वास्तू वीस वर्षेही टिकली नाही आणि तिच्या जागी आलेली वास्तू तिच्याहून २८ हजार आसनांनी लहान निघाली. तरीही फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासात हे स्थलांतर सर्वांत यशस्वी स्थलांतरांपैकी एक मानले जाते. त्याची कारणे समजण्यासाठी क्लबच्या सगळ्याच मैदानांचा क्रम पाहावा लागतो.

पहिली मैदाने

१८९७ मध्ये तुरिनच्या मास्सिमो द’आझेल्यो या शाळेतील काही विद्यार्थ्यांनी युव्हेंटसची स्थापना केली. ‘युव्हेंटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच तारुण्य. सुरुवातीला खेळाडूंचे सदरे गुलाबी होते. धुऊन धुऊन त्यांचा रंग उडाला, तेव्हा १९०३ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमहून नवे सदरे मागवण्यात आले. ते आले नॉट्स काउंटी या क्लबच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. हेच पट्टे पुढे युव्हेंटसची कायमची ओळख बनले. १९०५ मध्ये क्लबने पहिले राष्ट्रीय विजेतेपद जिंकले.

या काळात क्लबला कायमचे घर नव्हते. सार्वजनिक बागेतील मोकळी जागा, लष्करी कवायतीचे मैदान, सायकल शर्यतींचे रिंगण अशा ठिकाणी सामने होत. १९२२ मध्ये कोर्सो मार्सिल्या या रस्त्यावर क्लबने स्वतःचे मैदान उभारले. पुढच्याच वर्षी फियाट मोटार कंपनीच्या मालक आन्येल्ली घराण्यातील एदोआर्दो आन्येल्ली क्लबचे अध्यक्ष झाले आणि उद्योग व फुटबॉल यांची तुरिनमधील गाठ पक्की बसली. १९३० ते १९३५ या काळात युव्हेंटसने सलग पाच विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी पहिली तीन या मैदानावर खेळतानाच मिळाली. प्रेक्षक वाढत गेले आणि मैदान अपुरे पडू लागले.

नगरपालिकेचे स्टेडियम

१९३३ मध्ये तुरिनमध्ये मोठे काँक्रीटचे स्टेडियम तयार झाले. इटलीत तेव्हा फॅसिस्ट राजवट होती. तरुणांच्या शारीरिक शिक्षणाचे आणि सामूहिक प्रदर्शनांचे साधन म्हणून ती राजवट क्रीडांगणांकडे पाहत असे. तुरिनचे स्टेडियमही विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने बांधले गेले आणि त्याला मुसोलिनीचे नाव देण्यात आले. १९३४ च्या विश्वचषकातील दोन सामने तेथे झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर नाव बदलून ते ‘कोमुनाले’, म्हणजे नगरपालिकेचे स्टेडियम झाले.

युव्हेंटसने या स्टेडियममध्ये सत्तावन्न वर्षे काढली. शहरातील दुसरा मोठा क्लब तोरिनो हा १९२६ मध्ये बांधलेल्या फिलाडेल्फिया मैदानावर खेळत असे. १९४० च्या दशकातील तोरिनोचा संघ इटलीत अजिंक्य मानला जाई. ४ मे १९४९ रोजी सुपेर्गा टेकडीवर विमान कोसळून तो संघ नाहीसा झाला. १९६० च्या दशकात तोरिनोही कोमुनालेत आला आणि दोन प्रतिस्पर्धी एका छपराखाली नांदू लागले.

या व्यवस्थेत दोन गोष्टी रुजल्या आणि त्या पुढे इटालियन फुटबॉलच्या मानगुटीवर बसल्या. पहिली गोष्ट मालकीची. स्टेडियम नगरपालिकेचे आणि क्लब भाडेकरू, हीच देशभरची रीत झाली. भाडेकरू घराची डागडुजी करत नाही आणि घरमालकाला प्रेक्षकांच्या सोयीची घाई नसते. दुसरी गोष्ट आखणीची. सार्वजनिक पैशातून बांधलेले स्टेडियम सर्व खेळांच्या उपयोगी पडले पाहिजे, या विचाराने फुटबॉलच्या मैदानाभोवती धावपट्टी आखली जाई.

त्या धावपट्टीचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. प्रमाणित ४०० मीटर धावपट्टीच्या आतली मोकळी जागा सुमारे १५७ मीटर लांब आणि ७३ मीटर रुंद असते. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना धावपट्टी मैदानाला जवळजवळ चिकटून जाते. दोन्ही टोकांना मात्र तिच्या अर्धवर्तुळामुळे गोलरेषेपलीकडे सुमारे २६ मीटर जागा रिकामी उरते. त्यात आठ पट्ट्यांचे सुमारे १० मीटर मिळवले की गोलमागचा पहिला प्रेक्षक गोलरेषेपासून किमान ३५ मीटर दूर जातो. इटलीत गोलमागच्या वळणदार सज्जाला ‘कुर्वा’ म्हणतात. तिकिटे तिथेच सर्वांत स्वस्त असतात आणि झेंडे, ढोल, गाणी घेऊन येणारे कट्टर पाठीराखेही तिथेच बसतात. जे सर्वाधिक जीव ओतून ओरडतात तेच खेळापासून सर्वांत दूर, अशी ही रचना होती.

विश्वचषकाची वास्तू

१९९० च्या विश्वचषकाचे यजमानपद इटलीला मिळाले. इटलीची ‘सेरी ए’ ही साखळी तेव्हा जगातील सर्वांत श्रीमंत साखळी होती आणि जगभरचे नामवंत खेळाडू तिच्यात खेळत. स्पर्धेसाठी बारा स्टेडियम निवडण्यात आली. बहुतेक ठिकाणी जुन्या वास्तूंची दुरुस्ती झाली. पूर्णपणे नवी स्टेडियम दोनच शहरांत बांधली गेली, दक्षिणेतील बारी आणि उत्तरेतील तुरिन. दोन्हींमध्ये धावपट्टी होती. तुरिनच्या धावपट्टीमागे राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचाही आग्रह होता.

तुरिनच्या वायव्य कडेला, व्हालेत्ते आणि कॉन्तिनास्सा या भागांत हे स्टेडियम उभे राहिले. निरभ्र दिवशी तेथून बर्फाच्छादित शिखरे दिसतात, म्हणून त्याला ‘डेले आल्पी’, म्हणजे आल्प्सचे, हे नाव मिळाले. बांधकाम नगरपालिकेने एका खासगी कंपनीकडे सोपवले आणि त्या बदल्यात स्टेडियम चालवण्याचे हक्कही तिलाच दिले. खर्च मूळ अंदाजाच्या बराच पुढे गेला. ३१ मे १९९० रोजी पोर्तुगालच्या पोर्तो क्लबविरुद्धच्या सामन्याने उद्घाटन झाले. त्या दिवशी युव्हेंटस आणि तोरिनो यांच्या खेळाडूंचा एकत्र संघ मैदानात उतरला होता.

विश्वचषकातील पाच सामने डेले आल्पीत झाले. ब्राझीलने गटातील तिन्ही सामने येथेच जिंकले आणि २४ जून रोजी येथेच अर्जेंटिनाकडून १-० असा पराभव पत्करून स्पर्धेचा निरोप घेतला. ४ जुलै रोजी पश्चिम जर्मनी आणि इंग्लंड यांच्यातील उपान्त्य सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये जर्मनीने तो ४-३ असा जिंकला. तो सामना आजही इंग्लंडमध्ये हळहळीने आठवला जातो. महिन्याभराच्या या सोहळ्यात स्टेडियम भरलेले होते, जगभर दिसत होते आणि त्यातले दोष झाकलेले होते.

रिकाम्या खुर्च्या

विश्वचषक संपला आणि दोन्ही क्लब या वास्तूत राहायला आले, तेव्हा दोष उघडे पडले. धावपट्टीमुळे मैदान दूर होते. सज्जे रुंद आणि उघडे होते. वरच्या मजल्यावरून खेळाडू ओळखणे कठीण जाई. तुरिनचा हिवाळा धुक्याचा असतो आणि आल्प्सकडून येणारा गारठा त्या मोठ्या भांड्यात थेट उतरत असे. गवत नीट धरत नसे. ज्या धावपट्टीसाठी हा सगळा अंतराय सोसायचा, तिचाही उपयोग झाला नाही. शेजारी सरावाची दुसरी धावपट्टी नसल्यामुळे मोठ्या ॲथलेटिक्स स्पर्धा तेथे भरवणे शक्य नव्हते.

स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीशी भाड्यावरून वाद झाले ते वेगळेच. १९९५ मध्ये युव्हेंटसने यूएफा चषकाच्या उपान्त्य आणि अंतिम फेरीतील ‘घरचे’ सामने तुरिन सोडून मिलानच्या सान सिरो स्टेडियममध्ये खेळले. जानेवारी १९९७ मध्ये युरोपियन सुपर कपच्या पहिल्या सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेन क्लबला त्याच्याच घरी ६-१ असे हरवल्यावर परतीच्या सामन्यासाठी युव्हेंटसने सिसिली बेटावरील पालेर्मो शहर निवडले. तुरिनपासून ते इटलीचे दुसरे टोक. युरोपातील अग्रगण्य क्लबला स्वतःच्या शहरातील स्टेडियम परके वाटत होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

पालेर्मोच्या निवडीमागे दुसरेही कारण होते. युव्हेंटसचे चाहते सबंध इटलीत, विशेषतः दक्षिणेत, पसरलेले आहेत. युद्धोत्तर काळात दक्षिणेतून लाखो लोक तुरिनच्या कारखान्यांत काम शोधायला आले आणि त्यांच्यातील अनेकांच्या घरांत युव्हेंटसची भक्ती रुजली. गावी राहिलेल्या नातलगांपर्यंतही ती पोचली. अशा पाठीराख्यांची संख्या अफाट, पण ते शेकडो किलोमीटर दूर. दर आठवड्याला स्टेडियमवर येणारे स्थानिक प्रेक्षक मात्र तोरिनो आणि युव्हेंटस यांच्यात विभागलेले. इटालियन साखळीचे सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले तशी गारठ्यात दूर बसून सामना पाहण्याची ओढ आणखी आटली.

डेले आल्पीतील युव्हेंटसचा काळ अपयशाचा नव्हता. १९९५, १९९७, १९९८, २००२ आणि २००३ मध्ये क्लबने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९९६ मध्ये तो युरोपचा विजेता झाला. मे २००३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत त्याने याच मैदानावर रेआल माद्रिदला ३-१ असे हरवले. अशा रात्री स्टेडियम भरे. एरवी ते ओसाड दिसे. २००१-०२ च्या हंगामात इटालियन चषक स्पर्धेतील साम्पदोरियाविरुद्धच्या सामन्याला केवळ २३७ प्रेक्षक आले. ६९ हजारांच्या जागेत २३७ माणसे. मराठीत ‘बडा घर, पोकळ वासा’ अशी म्हण आहे. डेले आल्पीला ती अक्षरशः लागू पडली. संघ जिंकत होता, तरी घर भरत नव्हते. म्हणजे उणीव खेळात नव्हती, घरात होती.

मालकी आणि पाच वर्षांचा मुक्काम

२००३ मध्ये युव्हेंटसने तुरिन नगरपालिकेकडून डेले आल्पी आणि भोवतालच्या जागेचे हक्क ९९ वर्षांसाठी घेतले. त्यासाठी सुमारे २.५ कोटी युरो मोजले. स्टेडियमचे भवितव्य ठरवण्याचा अधिकार आता क्लबकडे आला. इटलीत तेव्हा ही गोष्ट जवळजवळ अपूर्व होती. रेज्यो एमिलिया शहरातील रेज्याना क्लबने १९९५ मध्ये स्वतःचे स्टेडियम उभारण्याचा प्रयोग केला होता, पण देशातील मोठे क्लब सगळे भाडेकरूच होते.

काम लगेच सुरू झाले नाही. २००६ च्या हिवाळी ऑलिम्पिकचे यजमानपद तुरिनकडे होते. उद्घाटन आणि समारोप सोहळ्यांसाठी जुन्या कोमुनालेची पुनर्बांधणी झाली आणि त्याला ‘ऑलिंपिको’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी उन्हाळ्यात इटालियन फुटबॉलमधील पंच-नेमणुकांचे प्रकरण बाहेर आले. युव्हेंटसची दोन विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि क्लबला इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. क्लबचे जुने व्यवस्थापन गेले.

२००६-०७ च्या हंगामापासून युव्हेंटस आणि तोरिनो दोघेही ऑलिंपिकोत खेळू लागले. त्याची क्षमता होती सुमारे २८ हजार. तोरिनोला ते मानवले आणि तो क्लब तेथेच राहिला. २०१६ पासून ते स्टेडियम १९४९ च्या दिवंगत संघाच्या स्मरणार्थ ‘ऑलिंपिको ग्रांदे तोरिनो’ म्हणून ओळखले जाते. युव्हेंटससाठी मात्र हा तात्पुरता मुक्काम होता. एका वर्षात संघ पहिल्या श्रेणीत परतला, पण २००९-१० आणि २०१०-११ या दोन्ही हंगामांत तो सातव्या क्रमांकावर अडकला. शेवटच्या हंगामात सरासरी प्रेक्षकसंख्या २२ हजारांच्या आसपास होती.

याच सुमारास इटलीतील स्टेडियमांची दुर्दशा राष्ट्रीय चिंतेचा विषय बनली होती. फेब्रुवारी २००७ मध्ये सिसिलीतील कातानिया येथे सामन्याच्या वेळी झालेल्या दंगलीत एका पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. सरकारने सुरक्षेचे नियम कडक केले आणि नियमांत न बसणाऱ्या स्टेडियममध्ये काही काळ प्रेक्षकांना प्रवेश बंद केला. कुंपणे, खंदक आणि बंदोबस्त यांनी वेढलेले जुने स्टेडियम कुटुंबासह जाण्याची जागा उरली नव्हती.

पाडकाम आणि बांधकाम

मार्च २००८ मध्ये क्लबच्या संचालक मंडळाने नव्या स्टेडियमला मंजुरी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आराखडा जाहीर झाला आणि डेले आल्पीचे पाडकाम सुरू झाले. पाडलेल्या वास्तूचे साहित्य वाया गेले नाही. काँक्रीटचा चुरा करून तो भरावासाठी वापरला गेला, लोखंड आणि इतर धातू वेगळे काढून पुन्हा उपयोगात आणले गेले.

नव्या स्टेडियमची क्षमता किती असावी, हा कळीचा प्रश्न होता. वर्षातील दोन-तीन मोठ्या सामन्यांना ७० हजार माणसे आली असती, पण स्टेडियम दर पंधरवड्याला चालवायचे असते. नेहमीच्या सामन्यांना जेवढे लोक खात्रीने येतील त्याहून थोडी अधिक आसने ठेवावीत, म्हणजे तिकीट मिळवण्यासाठी लोक आधीपासून धडपडतील आणि हंगामी तिकिटे विकली जातील, असा विचार करून आकडा ४१ हजारांवर ठरला. आसने कमी केल्याने खर्चही आवाक्यात आला. बांधकामाला सुमारे १५.५ कोटी युरो लागले. क्रीडासुविधांना कर्ज देणाऱ्या ‘इस्तितूतो पेर इल क्रेदितो स्पोर्तिव्हो’ या संस्थेने सुमारे ६ कोटी युरोचे कर्ज दिले. ‘स्पोर्टफाइव्ह’ या कंपनीने नामकरणाचे हक्क बारा वर्षांसाठी ७.५ कोटी युरोला घेतले. लगतच्या जागेवर दुकानांचे संकुल उभारण्याचे हक्क विकून उरलेल्या रकमेचा काही भाग उभा राहिला. सरकारी तिजोरीतून बांधण्याची जुनी इटालियन रीत येथे मोडली गेली.

रचनेची जबाबदारी एर्नान्दो सुआरेझ आणि जिनो झाव्हानेल्ला या वास्तुरचनाकारांकडे होती. मोटारींच्या आखणीसाठी जगप्रसिद्ध असलेल्या तुरिनच्या जुजारो आणि पिनिनफारिना या संस्थांनी वास्तूची सजावट आणि आतील रचना केली. मोटारींच्या शहराने आपले कसब फुटबॉलच्या घराला दिले. धावपट्टी अर्थातच नव्हती. पहिली रांग मैदानाच्या कडेपासून अवघ्या साडेसात मीटरवर आली आणि चारही बाजूंचे सज्जे एकसंध झाले. धावपट्टीच्या स्टेडियममध्ये गोलमागे जे किमान ३५ मीटर अंतर पडते, ते येथे पाचव्या हिश्श्यावर आले. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात जुन्या पद्धतीची उंच कुंपणे ठेवली नाहीत. छप्पर विमानाच्या पंखाच्या आकारावरून बेतले गेले. पाऊस अडावा, पण गवताला ऊन मिळावे, अशी त्याची मांडणी आहे.

सप्टेंबर २०११

८ सप्टेंबर २०११ रोजी उद्घाटनाचा सामना झाला. पाहुणा संघ होता नॉट्स काउंटी. हा क्लब तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. युरोपातील कोणताही बलाढ्य क्लब आनंदाने आला असता, पण युव्हेंटसने १९०३ चे ऋण आठवले. दोन्ही संघांची ओळख काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. तीनच दिवसांनी, ११ सप्टेंबर रोजी, पार्माविरुद्ध पहिला साखळी सामना झाला. या मैदानावरील पहिला अधिकृत गोल स्वित्झर्लंडच्या स्टेफान लिष्टश्टायनर याने केला आणि युव्हेंटसने ४-१ असा विजय मिळवला.

क्लबचे अध्यक्षपद २०१० पासून आंद्रेआ आन्येल्ली यांच्याकडे होते आणि संघाची सूत्रे याच हंगामात अँतोनियो कॉन्ते यांनी घेतली होती. कॉन्ते स्वतः डेले आल्पीच्या काळात युव्हेंटसकडून खेळलेले. सलग दोनदा सातवा आलेला संघ २०११-१२ च्या ३८ साखळी सामन्यांत एकदाही हरला नाही. २३ विजय आणि १५ बरोबरी मिळवून तो विजेता ठरला. विजेतेपद निश्चित झाले ६ मे २०१२ रोजी, कालियारीविरुद्ध, आणि तेही त्रिएस्तेत. सार्दिनिया बेटावरील कालियारीचे स्टेडियम तेव्हा मोठ्या सामन्यासाठी वापरता येत नव्हते, म्हणून त्या क्लबला आपला घरचा सामना समुद्रापलीकडे, देशाच्या ईशान्य टोकाला न्यावा लागला होता. युव्हेंटसने घराचा जो प्रश्न सोडवला होता तो बाकीच्या इटलीत किती बिकट होता, हे त्या संध्याकाळी दिसले.

हे विजेतेपद धरून युव्हेंटसने २०२० पर्यंत सलग नऊ विजेतेपदे मिळवली. २०१३-१४ मध्ये संघाने घरच्या मैदानावरील सर्वच्या सर्व १९ साखळी सामने जिंकले आणि १०२ गुण मिळवले. या यशाचे सगळे श्रेय स्टेडियमला देता येणार नाही. चांगले खेळाडू, उत्तम प्रशिक्षण आणि प्रतिस्पर्ध्यांची आर्थिक ओढाताण हीही कारणे होती. मात्र जवळ बसलेल्या, भरलेल्या आणि छपराखाली घुमणाऱ्या गर्दीचे बळ डेले आल्पीत कधी नियमित मिळाले नव्हते, ते आता दर सामन्याला मिळू लागले.

जमाखर्च

पहिल्याच हंगामात सरासरी प्रेक्षकसंख्या ३७ हजारांच्या वर गेली. सामन्याच्या दिवशी मिळणारे उत्पन्न आधीच्या वर्षीच्या सुमारे १.२ कोटी युरोवरून सुमारे ३.२ कोटी युरोवर पोचले. क्लब आता भाडेकरू नव्हता. तिकिटे, उपाहारगृहे, खास कक्ष, जाहिराती यांचे पैसे थेट त्याच्या हाती येऊ लागले. सामना नसलेल्या दिवशीही लोक येथे येऊ लागले. मे २०१२ मध्ये उघडलेले क्लबचे संग्रहालय त्याचे मुख्य निमित्त झाले. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये युव्हेंटस-लिव्हरपूल अंतिम सामन्याआधी चेंगराचेंगरीत मरण पावलेल्या ३९ प्रेक्षकांचे स्मरणही तेथे जपलेले आहे. जीर्ण स्टेडियम माणसांचे प्राण घेऊ शकते, हे ज्या क्लबच्या पाठीराख्यांनी अनुभवले त्याच्यासाठी सुरक्षित घर ही केवळ सोय नव्हती, ती जबाबदारी होती.

पुढे क्लबने सरावाची मैदाने आणि मुख्य कार्यालयही शेजारच्या कॉन्तिनास्सा भागात हलवले. तेथील पडीक जागा आणि मोडकळीला आलेला जुना वाडा दुरुस्त झाला. जुलै २०१७ मध्ये विमा क्षेत्रातील कंपनीशी करार होऊन स्टेडियमचे नाव ‘अलियान्झ स्टेडियम’ झाले.

आकार लहान ठेवण्याची किंमतही मोजावी लागली. आसने कमी आणि मागणी जास्त असली की तिकिटे महागतात आणि कामगारवस्तीतील जुना प्रेक्षक हळूहळू बाहेर पडतो. तिकिटांच्या काळ्या बाजारालाही अशाच टंचाईत वाव मिळतो. पाठीराख्यांच्या गटांना तिकिटे पुरवण्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये इटालियन फुटबॉलच्या शिस्तपालन यंत्रणेने युव्हेंटसला दंड ठोठावला. शिवाय चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यासाठी ४१ हजार आसने पुरत नाहीत. तुरिनला २०१४ मध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना मिळाला. त्यात सेव्हियाने बेन्फिकाला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवले. त्याआधी उपान्त्य फेरीत बेन्फिकानेच युव्हेंटसला बाद केले होते, त्यामुळे घरच्या मैदानावर अंतिम सामना खेळण्याची संधी हुकली. २०२२ मध्ये महिलांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामनाही येथे झाला आणि लिऑंने बार्सिलोनाला ३-१ असे हरवले.

इतर शहरांचा अनुभव

मोठ्या, सर्वोपयोगी स्टेडियममधून लहान, केवळ फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जाण्याची वाट युव्हेंटसच्या आधीही काही क्लबांनी धरली होती. अमेरिकेतील कोलंबस क्रू हा क्लब विद्यापीठाच्या अवाढव्य अमेरिकन फुटबॉल स्टेडियममध्ये खेळत असे. १९९९ मध्ये तो सुमारे २२ हजार आसनांच्या स्वतःच्या स्टेडियममध्ये गेला. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरसाठी खास बांधलेले ते पहिलेच स्टेडियम. बार्सिलोनाचा एस्पान्योल हा क्लब १९९७ पासून माँत्जुइक टेकडीवरील ऑलिम्पिक स्टेडियममध्ये, म्हणजे पुन्हा धावपट्टीपलीकडून, खेळत होता. २००९ मध्ये तो सुमारे ४० हजार आसनांच्या नव्या घरात आला.

महाराष्ट्रातही याच तर्काचे उदाहरण आहे. इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफसी हा क्लब २०१४ आणि २०१५ मध्ये नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळला. ते क्रिकेटसाठी बांधलेले, पन्नास हजारांहून अधिक क्षमतेचे स्टेडियम. क्रिकेटचे मैदान गोलसर असल्याने तेथेही फुटबॉलचा आयत प्रेक्षकांपासून दूर पडतो. धावपट्टीने तुरिनमध्ये जे केले तेच येथे सीमारेषेने केले. २०१६ पासून क्लबने अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातील त्याहून कितीतरी लहान मैदान आपले घर म्हणून निवडले. तेथे प्रेक्षक थेट फुटबॉलच्या मैदानालगत बसतो.

इटलीत मात्र युव्हेंटसच्या मागून जाणाऱ्यांची चाल धिमी राहिली. उदिने शहरातील उदिनेसे क्लबने आपले स्टेडियम दीर्घ मुदतीने ताब्यात घेऊन, धावपट्टी काढून, सुमारे २५ हजार आसनांचे करून घेतले. फ्रोसिनोने क्लब २०१७ मध्ये नव्या स्टेडियममध्ये गेला. त्याच वर्षी बेर्गामोच्या आतालांता क्लबने नगरपालिकेकडून स्टेडियम विकत घेतले. रोम आणि फ्लोरेन्ससारख्या मोठ्या शहरांत नव्या स्टेडियमचे बेत परवानग्या, वारसा-संरक्षण आणि राजकारण यांत वर्षानुवर्षे रखडले. तुरिनमध्ये अनुकूल योग जुळून आले होते. जागा एकसलग आणि शहराच्या कडेला होती, तिचे हक्क क्लबने आधीच घेतले होते, पाडायची वास्तू कोणाला प्रिय नव्हती आणि बांधकामाच्या काळात खेळायला दुसरे स्टेडियम हाताशी होते. या चारही गोष्टी एकत्र असलेली शहरे इटलीत फार नाहीत.